बिडाचा मॅनिफोल्ड काढल्यावर

कंपनीचा जाड बिडाचा मॅनिफोल्ड काढून पातळ नळ्यांचा हेडर बसवला की गाडीचा आवाज बदलतो आणि बॉनेटखालचं हवामानही. काही दिवसांत स्टार्टर रुसायला लागतो, वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. दोष मात्र उन्हाच्या माथी जातो. ‘घाटाखाली मलकापूर-खामगावचं ऊनच तसं, गाडी तरी काय करणार?’ घाटावरच्या बुलढाणेकरांना हे लगेच पटतं. पण हिशेब करा. बाहेरची हवा ३० ऐवजी ४५ अंशांवर गेली, तर फरक पंधराचा. भरलेली पेट्रोल गाडी राजूर घाट चढत असते तेव्हा इंजिनातून बाहेर पडणारा धूर ७००-८०० अंशांपर्यंत तापलेला असतो. वायर जाळते ती नळी, वैशाख नव्हे.

दुसरा समज असा, की जाळीतून वारा आत आला की भागलं. वाऱ्याचा उपयोग होतोच. पण लालबुंद व्हायच्या बेतात आलेली नळी आपली उष्णता मुख्यतः किरणांनी समोरच्या वस्तूवर फेकते, आणि हा मारा तापमानापेक्षा फार झपाट्यानं वाढतो. नळी ४०० वरून ५०० अंशांवर गेली, तर तो जवळपास पावणेदोन पट होतो. म्हणून नळी आणि वस्तू यांच्यामध्ये आडोसा लागतो. चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन्ही अंगांनी हवा खेळेल इतकी फट ठेवून. जुन्या मॅनिफोल्डवरचं कवच हेच काम करत होतं. हेडर बसवताना ते भंगारात जातं आणि त्याची आठवण कुणालाच होत नाही.

‘काळा हीटप्रूफ रंग मारला, आता काळजी नाही.’ हा रंग नळीला गंजापासून वाचवतो, शेजारच्या भागांना उष्णतेपासून नाही. उलट काळा पृष्ठभाग चकचकीत स्टीलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता बाहेर टाकतो.

गुंडाळायच्या पट्टीनं शेजारचे भाग खरोखर थंड राहतात. पण आतली नळी जास्त तापते, साध्या लोखंडी नळीवर पट्टी पावसाळ्यात ओल धरून गंज आणते, आणि गॅस्केटमधून तेल झिरपून पट्टीत मुरलं तर ती पेटूही शकते. माझ्या मते आधी वायर नळीपासून लांब बांधावी, त्यात खर्च केबल-टायचा. साध्या पीव्हीसी वायरची सहनशक्ती ७० ते १०५ अंशच असते. जागाच नसेल तिथे सिलिकॉन-फायबरग्लासची नळी चढवावी.

ब्रेकची पाईप जवळून जात असेल तर मात्र हयगय नको. डॉट ३ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं. ओल शोषलेल्या ऑइलची मर्यादा १४० वर येते. उकळलं की पाईपमध्ये वाफ, आणि घाट उतरताना पेडल खाली जातं.

गाडी बंद केली की गरमी संपली, हेही खरं नाही. पंखा आणि वारा दोन्ही थांबतात, नळी तापलेलीच असते, त्यामुळे पुढची काही मिनिटं शेजारचे भाग आणखी तापतात. घाट चढून आल्यावर इंजिन मिनिटभर तसंच चालू ठेवलेलं बरं.

आणि कायद्याचं: हेडरसोबत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं.