आयपी पत्त्यावरून माणूस सापडतो का?

डहाणूत कुणी मोबाइलवर एखादं संकेतस्थळ उघडलं, की ते जिथे ठेवलं आहे त्या सर्व्हरच्या नोंदवहीत एक ओळ उमटते: आयपी पत्ता, वेळ, मागितलेलं पान, वापरलेला ब्राउझर. या ओळीबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज असा, की पत्ता हाती लागला म्हणजे माणूस हाती लागला. प्रत्यक्षात नोंद होते ती जोडणीची. त्या क्षणी ती जोडणी कोण वापरत होतं, हे त्या ओळीत कुठेच नसतं. जुन्या, अजूनही सर्वत्र चालणाऱ्या आयपीव्ही४ पद्धतीत पत्ते आहेत सुमारे ४२९ कोटी, आणि आशिया-प्रशांत विभागाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच जवळपास संपला. म्हणून मोबाइल कंपन्या कितीतरी ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. तलासरीतली विद्यार्थिनी आणि घोलवडचा चिकू बागायतदार सर्व्हरला एकाच पत्त्याचे दिसू शकतात. त्यांना वेगळं करतो तो जोडणीचा पोर्ट क्रमांक. इंटरनेटचे तांत्रिक संकेत ठरवणाऱ्या आयईटीएफने जून २०११ मध्ये शिफारस केली होती, की सर्व्हरने पत्त्यासोबत हा पोर्ट आणि अचूक वेळही नोंदवावी. तरीही अपाचेसारख्या प्रचलित सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदीत पोर्ट नसतो. तो मुद्दाम मागून घ्यावा लागतो.

पत्त्यावरून गाव कळतं, हाही असाच समज. मोबाइलची वाहतूक कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्रातून बाहेर पडते, त्यामुळे तलासरीतला वापरकर्ता नकाशावर मुंबईत दिसला तर नवल नाही. पत्ता आणि ठिकाण यांची सांगड घालणाऱ्या याद्या बऱ्याच अंशी अंदाजाने बनतात. अमेरिकेतल्या अशा एका यादीत, नेमकं ठिकाण ठाऊक नसलेले ६० कोटींहून अधिक पत्ते देशाच्या मध्याजवळ, कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर दाखवले जात होते. तिथल्या निरपराध कुटुंबाच्या दारात वर्षानुवर्षे पोलीस येत राहिले. कारण उघड झालं २०१६ मध्ये.

यावर कुणी म्हणेल, पोलीस तर पत्त्यावरूनच गुन्हेगार शोधतात! शोधतात, हे खरं. पण त्यासाठी सर्व्हरची नोंद पुरवठादार कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहावी लागते, आणि त्या जुळवणीत चूक झाली तर काय होतं हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावरच्या शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी २००७ मध्ये बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. पुरवठादाराने दिलेला ग्राहकाचा तपशीलच चुकीचा होता. तो तरुण सुमारे ५० दिवस येरवडा तुरुंगात राहिला. वेळेचा घोळ तर याहून सहज होतो: बरेच सर्व्हर जागतिक प्रमाणवेळ पाळतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. डहाणूत मध्यरात्रीनंतरचा दीड वाजला असताना झालेली जोडणी तिथे आदल्या तारखेला रात्री आठची म्हणून नोंदली जाते. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत नोंदी १८० दिवस जपायला सांगितलं, आणि घड्याळं सरकारी वेळ-सर्व्हरशी जुळवून ठेवायलाही. वेळ चुकली तर जपलेल्या नोंदीचा पुरावा म्हणून उपयोग उरत नाही.

नव्या आयपीव्ही६ पद्धतीत पत्त्यांची टंचाई नाही, मग प्रश्न मिटला का? अर्धाच. त्यात फोनला स्वतंत्र पत्ता मिळतो, पण खासगीपणासाठी फोन तो अधूनमधून बदलत राहतात. फोन कुणाच्या हातात होता हे तरीही कळत नाही. व्हीपीएन वापरला तर सर्व्हरला दिसतो तो व्हीपीएनवाल्याचाच पत्ता.

मग नोंद ठेवायचीच कशाला? कारण वागणूक ओळखायला ती फार उपयोगी आहे. एकाच पत्त्यावरून मिनिटाला शेकडो चुकीचे पासवर्ड येऊ लागले, तर तो पत्ता काही काळ अडवणं योग्यच. मात्र त्यामागे मोबाइल कंपनीचा सामायिक पत्ता असेल, तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलेली तलासरीची मुलगीही बाहेर राहते. म्हणून बंदी थोड्या वेळाची हवी, आणि शक्य तिथे पत्त्याऐवजी ज्या खात्यासाठी चुकीचे पासवर्ड येत आहेत त्या खात्यावर घालावी.