ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकवर लाकूडफोडी यंत्र

बांधावरची सुबाभूळ तोडली की ओंडके फोडायला माणूस मिळत नाही. मग पीटीओवर फिरणारा टोकदार शंकू बसवून घेण्याचा मोह होतो. स्वस्त असला तरी तो बसवू नका. बाही किंवा पदर अडकला तर सोडवायला वेळच मिळत नाही. हायड्रोलिक सिलिंडर हळू चालतो आणि लिव्हर मधल्या जागी आणताच थांबतो.

१०० मिमी आतील व्यासाच्या सिलिंडरला १५० बार दाब दिला, तर सुमारे १२ टन जोर मिळतो. सरळ ओंडक्याला तो पुरतो. गाठाळ जुनी बाभूळ मात्र अडते, तिथे हट्ट करू नका. ६०० मिमी स्ट्रोकला पावणेपाच लिटर तेल लागते. पंप मिनिटाला २५ लिटर देत असेल तर साधारण ११ सेकंद. तेवढे तेल बाहेर जाऊनही ट्रॅक्टरमधली पातळी राहते ना, ते आधी पाहा. पाचर जाड गर्डरला पक्की वेल्ड करा. ओंडका एकाने धरायचा आणि लिव्हर दुसऱ्याने ओढायची, हे कधीच नको. बोटे अशीच जातात.

होज पाझरतोय असे वाटले तर हात फिरवून पाहू नका, पुठ्ठा धरा. बारीक छिद्रातली धार कातडीत घुसते आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही. तसे झाल्यास जखम किरकोळ दिसली तरी लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा, आणि दाबाखालचे तेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

सुबाभूळ ओली असतानाच फूटभर तुकडे करून फोडा. फोडलेले लाकूड लवकर वाळते, चुलीत धूरही कमी होतो.