पहिला सिक्लिड कुठला घ्यावा? आधी पाणी, मग टाकी, मग मासा

"घरी सिक्लिड पाळायचेत, सुरुवात कुठल्या माशापासून करू?" प्राण्यांच्या वर्तनावर काम करायची इच्छा असलेले ज्युनियर हा प्रश्न हमखास विचारतात. साहजिक आहे. मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या आफ्रिकेतल्या सरोवरांत सिक्लिडच्या शेकडो जाती तयार झाल्या, त्यामुळे उत्क्रांती शिकताना हे मासे भेटतातच. शिवाय ते अंड्यांची-पिल्लांची काळजी घेतात, म्हणजे घरबसल्या बघायला भरपूर काही.

पण माझं उत्तर माशापासून सुरू होत नाही. एम.एस्सी.ला असताना मी बोटाएवढं ऑस्करचं पिल्लू दोन फुटी टाकीत आणलं. ऑस्कर फूटभर वाढतो, हे घरी आल्यावर वाचलं! वर्षभरात त्याला धड वळता येईना. शेवटी मोठी टाकी असलेल्या एका ओळखीच्या काकांना तो दिला. आधी मासा आवडला, मग त्याला बसेल अशी व्यवस्था शोधत बसलो. पीएचडीचा विषय निवडतानाही आपण नेमकी हीच चूक करतो.

१. पाणी

टांगानिकाच्या पाण्याचा पीएच ९च्या आसपास, मलावीचा साधारण ८. उलट ॲमेझॉन खोऱ्यातले डिस्कस आणि एंजल (हो, एंजलफिशही सिक्लिडच) मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातले. तुमच्याकडे बोअरचं पाणी येत असेल तर ते बहुधा क्षारयुक्त असेल. धरणातून येणारं नळाचं पाणी त्यामानानं मऊ. अंदाज बांधू नका, टेस्ट किटनं मोजा. पाण्याला मासा जुळवणं सोपं, माशासाठी दर आठवड्याला पाणी बदलवत बसणं अवघड.

पीएचचा दुसरा परिणाम जास्त घातक आहे. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो. त्याचा अमोनियम हा आयन फारसा विषारी नाही, मुक्त अमोनिया मात्र विषारी. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो. पीएच ८ला तो ५ टक्क्यांवर जातो. म्हणजे तेवढीच घाण, पण दहापट विष. म्हणून नव्या टाकीत फिल्टर सुरू करून, अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावेपर्यंत चार-सहा आठवडे थांबा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला विसरू नका, ते मासे आणि हे जिवाणू दोघांनाही मारतं.

२. टाकी

"सिक्लिड फार मारकुटे" असं सगळे म्हणतात. अर्धंच खरं आहे. सरोवरात हरलेला मासा दुसऱ्याच्या हद्दीबाहेर पळतो आणि भांडण मिटतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत पाणी ५०-५५ लिटर. हरलेला पळणार कुठे? तो कोपऱ्यात सापडतो आणि मार खात राहतो. आपण ज्याला माशाचा स्वभाव समजतो, त्यातला बराचसा टाकीचा परिणाम असतो. आडोसे ठेवा, दगड-कुंड्यांनी नजरेची रेषा तोडा.

३. मासा

दोन फुटी टाकी आणि मध्यम पाणी असेल तर क्रिबेन्सिसची एक जोडी घ्या. हा पश्चिम आफ्रिकेतला मासा. नर १० सेंटिमीटरपर्यंत, मादी त्याहून लहान आणि पोटाला लालसर. उपड्या कुंडीच्या कपारीत अंडी घालतात, पिल्लं दोघं मिळून सांभाळतात. गंमत म्हणजे आम्लधर्मी पाण्यात वाढलेल्या पिल्लांत नर जास्त निघतात.

पाणी क्षारयुक्त असेल तर टांगानिकाचा मल्टिफॅसिएटस बघा. जेमतेम ४-५ सेंटिमीटरचा मासा, गोगलगाईच्या रिकाम्या शंखात राहतो. तळाशी वाळू पसरा आणि बरेच शंख ठेवा. अख्खी वसाहत दोन फुटांत मावते.

कॉन्व्हिक्ट काटक आहे, वर्तनाच्या प्रयोगशाळांत खूप वापरलाय, पण जोडी जमली की बाकी कुणाला जगू देत नाही. एकटी जोडीच ठेवा. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि मलावीच्या रंगीबेरंगी जातींची मिसळ पहिल्या टाकीत नको.

४. निरीक्षणाची वही

रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं बसा. "आज जास्त भांडले" असं लिहू नका. किती वेळा पाठलाग केला, कुणी कुणाचा, हे मोजा. आणि एक सापळा: एका टाकीतले सहा मासे म्हणजे सहा स्वतंत्र नमुने नव्हेत. ते एकाच पाण्यात, एकमेकांच्या दबावाखाली जगतात. टाक्यांची तुलना करायची असेल तर तुमचा एन हा टाक्यांचा आकडा. प्रबंधात परीक्षक पहिल्यांदा इथेच बोट ठेवतात.

५. नको झाला तर

मासा नदीत किंवा तळ्यात सोडू नका. १९५२मध्ये भारतात आणलेला मोझांबिक तिलापियाही सिक्लिडच, आज तो आपल्या कितीतरी जलाशयांत स्थानिक माशांच्या जागेवर पसरलाय. आपले स्वतःचे सिक्लिड तीनच. त्यातला एक केरळचा करीमीन. परत घेणारं दुकान किंवा मोठी टाकी असलेला माणूस आधी शोधून ठेवा. माझ्या ऑस्करला ते काका मिळाले, हा निव्वळ योग होता. तुम्ही योगावर विसंबू नका.