राष्ट्रभाषा नव्हे, राजभाषा!

शाळेत हिंदी दिनाच्या भाषणात मी ठणकावून सांगितलं होतं, "हिंदी आपली राष्ट्रभाषा आहे." टाळ्या मिळाल्या, बक्षीसही मिळालं. कॉलेजात आल्यावर कळलं, राज्यघटनेत 'राष्ट्रभाषा' हा दर्जा कुठल्याच भाषेला नाही. कलम ३४३ नुसार हिंदी संघराज्याची राजभाषा, म्हणजे कारभाराची भाषा; आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत तिच्याबरोबर आपली मराठीही आहे. मग काय, भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलो! अशा माहितीची गंमतच ही, की समोरचा चुकतो आणि आपण घटकाभर शहाणे ठरतो. पण ते बक्षीस अजून माझ्या कपाटात आहे. ते दिसलं की वाटतं, आज जे ठणकावून सांगतोय, त्यातलं मी किती तपासलंय?