एका बीतून चार रोपं

संत्र्याची एक बी पेरली की कधी दोन, कधी तीन-चार कोंब वर येतात. वरूड-शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांना त्याचं नवल नाही. त्यांचा धंदाच त्यावर उभा आहे. नागपुरी संत्र्याचा डोळा ज्या जंबेरीच्या खुंटावर बांधतात, ती जंबेरीही याच जातकुळीची. यांतले बहुतेक कोंब परागीभवनातून आलेले नसतात. बीजांडातल्या आईच्या साध्या शरीरपेशींपासून ते थेट घडतात आणि हुबेहूब आईवर जातात. त्यामुळे खुंट एकसारखे मिळतात. वेगळं दिसणारं रोप वाफ्यातच उपटून टाकलं जातं.

शरीरपेशीला भ्रूण होण्याची ही बुद्धी सुचली कशी? चीनमधल्या हुआझोंग कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली त्याचा माग काढला. एका जनुकाच्या पुढ्यात, त्याला चालू-बंद करणाऱ्या भागात, डीएनएचा आखूड तुकडा कधीकाळी उडी मारून बसला आहे. संत्र्यात तो आहे. एका बीला एकच रोप देणाऱ्या पपनसात आणि महाळुंगात नाही.

असे उडते तुकडे बहुतेक सगळ्या सजीवांत असतात. बार्बरा मॅक्लिन्टॉक यांनी ते १९४०च्या दशकात मक्यात ओळखले. नोबेल मिळालं थेट १९८३मध्ये! माणसाच्या डीएनएतही जवळपास निम्मा भाग त्यांचा आणि त्यांच्या अवशेषांचा. ते मोकाट सुटले, तर चांगली जनुकं मोडतील.

म्हणून पेशी त्यांना गप्प बसवते. वनस्पतींत उडत्या तुकड्याची आरएनए-नक्कल निघाली की पेशी तिला दुपदरी करते. मग डायसर नावाचं प्रथिन तिचे २४ अक्षरांचे तुकडे पाडतं. हे चिमुकले आरएनए आर्गोनॉट प्रथिनाच्या हाती पडतात. हरवलेल्याचा फोटो घेऊन फिरणाऱ्या पोलिसासारखं ते जुळणारा मजकूर हुडकतं, आणि सापडला की तिथल्या डीएनएवर मिथाइलचे शिक्के बसतात. तो भाग वाचणंच बंद होतं. प्राण्यांतही असा पहारा असतो: फळमाशीच्या शरीरपेशी २१ अक्षरी आरएनए वापरून उडत्या तुकड्यांच्या नकलाच कापून टाकतात, हे २००८मध्ये दिसलं.

पहारा शंभर टक्के नसतो, आणि ते एका परीनं बरंच. सिसिलीच्या लाल गराच्या संत्र्यात थंडी पडली की असाच एक तुकडा जागा होतो आणि शेजारचं रंगाचं जनुकही चालू करतो.

संकर करणाऱ्यांची मात्र सुरुवातीच्या त्या बहुभ्रूणी, म्हणजे अनेक कोंब देणाऱ्या, बीनं पंचाईत केली आहे. नव्या वाणासाठी परागीभवनातून आलेलंच रोप हवं, पण आईच्या नकलांच्या गर्दीत ते दबून जातं. त्यामुळे संकरासाठी आई निवडताना एकच भ्रूण देणारं झाड शोधावं लागतं, पपनस त्यातलंच.