सापाच्या पिल्लाला घास केवढा?

अमेरिकेत हौसेने पाळला जाणारा कॉर्न स्नेक अंड्यातून बाहेर येतो तेव्हा जेमतेम वीत-सव्वा वीत लांब असतो. त्याचं पहिलं जेवण म्हणजे उंदराचं नुकतंच जन्मलेलं, केसही न आलेलं गुलाबी पिल्लू. वजन एक-दोन ग्रॅम. तेही गोठवलेलं, मग नीट वितळवून कोमट केलेलं.

माप घ्यायचं ते सापाच्या धडाच्या सर्वांत जाड भागाचं. भक्ष्य तेवढंच, फार तर सव्वापट जाड असावं. डोक्यावरून अंदाज बांधला तर हमखास फसतो. सापाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी एकसंध नसतात, लवचीक तंतूंनी जोडलेले असतात. त्यामुळे इवलंसं तोंड केवढं तरी फाकतं. पण गिळलं म्हणजे पचलं असं नाही, आणि खरी मेख इथेच आहे. सापाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. घास फार मोठा असला किंवा साप ठेवलेली पेटी थंड असली, तर जठरातलं आम्ल आतवर पोचण्याआधीच भक्ष्य कुजू लागतं. पिल्लू ते ओकून टाकतं, अंगातलं पाणी जातं आणि अशक्त पिल्लू दगावूही शकतं. अशा वेळी आठ-दहा दिवस काहीच देऊ नये. नंतरचा घास आणखी लहान असावा.

योग्य घासानंतर पोटाशी हलकासा फुगवटा दिसतो. दोन दिवस पिल्लाला हात लावू नये.

भारतात मात्र नाग, धामण, दिवड यांसारखे आपले साप पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. अंगणात पिल्लू सापडलं, तर भरवत बसू नका. वन विभागाला कळवा.