भूक आणि मेंदू (लेखांक ५) : बीज आणि चारा

ताथवड्यात पशुसंवर्धन विभागाचं वळू-माता प्रक्षेत्र आहे. गाव महापालिकेत आलं, बायपासलगत कॉलेजं, वसतिगृहं आणि उंच इमारती उभ्या राहिल्या, पण गुरं सांभाळणाऱ्याचं जुनं शहाणपण त्यानं बदललेलं नाही. चांगल्या वळूचं बीज आणि चांगला चारा यांतलं एकच पुरेसं आहे, असं कोणताही गोठेवाला म्हणणार नाही. माणसाच्या खाण्याचा विषय निघाला की मात्र आपण लगेच दोन तट पाडतो. एक म्हणतो, ‘आमच्या घराण्यातच लठ्ठपणा आहे’. दुसरा म्हणतो, ‘तोंडावर ताबा नको का?’ रात्री अकराला गाडीवर तोच भुर्जी-पाव समोर असतो. एकाचा मेंदू त्याची दखलही घेत नाही, दुसऱ्याचा हट्टच धरतो. या फरकात जनुकांचा वाटा किती आणि परिस्थितीचा किती, असं आपण विचारतो. माझ्या मते प्रश्नाची मांडणीच फसवी आहे, कारण एकाचा वाटा किती हे दुसरं ठरवतं.

जनुकं थेट मेंदूवर काम करतात, याचा सर्वांत लख्ख पुरावा लेप्टिनचा. चरबीच्या पेशींतून निघून ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप मेंदूला देणारं हे संप्रेरक जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं 1994 मध्ये शोधलं. तीन वर्षांनी केंब्रिजच्या डॉक्टरांना पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबात अशी दोन मुलं सापडली, ज्यांचं शरीर जनुकातल्या बिघाडामुळे लेप्टिन बनवूच शकत नव्हतं. त्यांची भूक कशानंच शमत नसे. पुढे 2007 मध्ये याच गटानं असा बिघाड असलेल्या दोन किशोरवयीन रुग्णांचे मेंदू-स्कॅन केले. पोटभर जेवल्यावरही अन्नाची चित्रं दिसताच त्यांच्या मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग उत्तेजित होई. आठवडाभर लेप्टिन दिल्यावर ही प्रतिक्रिया फक्त उपाशीपोटी उरली. यात ‘ताबा’ कुठे आला? अर्थात असे रुग्ण अतिशय विरळ. तुमच्याआमच्यात आढळतात ते छोटे फरक, उदाहरणार्थ एफटीओ जनुकातले. त्याची एक विशिष्ट प्रत आई आणि वडील अशा दोघांकडून मिळालेल्या युरोपीय लोकांचं वजन सरासरी तीन किलोनं जास्त भरतं, असं 2007 मध्ये दिसलं. लंडनमधल्या 2013 च्या अभ्यासात अशा पुरुषांचं घ्रेलिन, म्हणजे भूक जागवणारं संप्रेरक, जेवणानंतर हवं तितकं उतरत नव्हतं आणि अन्नाच्या चित्रांना त्यांच्या मेंदूचा प्रतिसादही वेगळा होता. स्कॅनचे हे अभ्यास लहान असतात, तेव्हा त्यातल्या रंगीत ठिपक्यांवर फार मोठे इमले रचू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे.

यावर हमखास आक्षेप येतो : आजोबांच्या पिढीतही हीच जनुकं होती, मग ते का नाही लठ्ठ झाले? आक्षेप रास्त आहे, पण तो जनुकांना निर्दोष ठरवत नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम पाहणीची छाननी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. 1942 च्या आधी जन्मलेल्यांत एफटीओच्या त्याच प्रतीचा वजनाशी संबंध दिसेना. नंतर जन्मलेल्यांत तो ठळक दिसला. ब्रिटनमधल्या जुळ्या मुलांच्या अभ्यासानं 2018 मध्ये हेच घराघरांच्या पातळीवर दाखवलं. जिथे खाऊ सतत हाताशी होता आणि हालचालीला वाव कमी होता, त्या घरांत मुलांच्या वजनातल्या फरकाचा 86 टक्के भाग आनुवंशिक निघाला. उलट वातावरणाच्या घरांत 39 टक्के. जनुकं तीच, टक्केवारी दुपटीहून जास्त. ‘लठ्ठपणा इतके टक्के आनुवंशिक’ अशी बातमी वाचाल तेव्हा ती कोणत्या घरातली, कोणत्या काळातली, हे आधी विचारा.

परिस्थितीची सुरुवात गाडीवर किंवा कॅन्टीनमध्ये होते, हाही गैरसमजच. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला आहे. त्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलोच्या आसपास होतं, पण ब्रिटिश बाळांशी तुलना करता उणीव होती ती स्नायूंची. चरबी फारशी कमी नव्हती. नाळेच्या रक्तातलं लेप्टिनही, एवढं कमी वजन असून, ब्रिटिश बाळांच्या तोडीचं होतं. आईच्या रक्तात बी-12 कमी आणि फोलेट जास्त असेल, तर मुलात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त आढळली. म्हणजे आईच्या ताटात दूध, पालेभाजी होती की नाही, याचा हिशेब मुलाच्या शरीरात जन्माआधीच मांडला गेलेला असतो. त्याच गटाच्या 2009 च्या अभ्यासात भारतीयांत एफटीओचा मधुमेहाशी ठळक संबंध दिसला, आणि वजन हिशेबातून वगळल्यावरही तो पुरता पुसला गेला नाही. पाश्चात्त्य आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत, याला हे एक कारण पुरे.

मग माणसाची जबाबदारी शून्य का? नाही. दोन लाखांहून अधिक लोकांच्या एकत्रित आकडेवारीत, शारीरिक हालचाल करणाऱ्यांमध्ये एफटीओमुळे येणारा लठ्ठपणाचा धोका 27 टक्क्यांनी सौम्य आढळला. तेव्हा चालायला जाणं फुकट नाही. पण चाकणच्या कारखान्यात तिसरी पाळी करणाऱ्याला किंवा हिंजवडीत अमेरिकेच्या घड्याळावर काम करणाऱ्याला ‘मनावर घे’ एवढंच सांगणं मला निव्वळ आळशीपणाचं वाटतं. शिकागोतल्या 2004 च्या प्रयोगात दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलेल्या बारा तरुणांचं लेप्टिन 18 टक्क्यांनी उतरलं, घ्रेलिन 28 टक्क्यांनी चढलं आणि ओढ गोड-खारट पदार्थांची वाढली. ते सगळे धडधाकट होते. बदलली होती फक्त झोप. पाळ्यांचं वेळापत्रक, रात्री दोनला कॅन्टीनमध्ये काय शिजतं आणि वसतिगृहाच्या खानावळीत डाळ किती दाट असते, हे निर्णय जेवणारा घेत नाही. ते घेणाऱ्यांनी जेवणाऱ्याच्या संयमाची परीक्षा घेणं थांबवावं आणि आधी रात्रपाळीचं ताट बदलावं. झोप आणि घ्रेलिन यांचं नातं पुढच्या लेखांकात सविस्तर पाहू.